माझं रक्त माहेरी गेलं

१९ जानेवारी, देवास

रिपोर्ट आला. दादाशी माझं पूर्ण जुळतं. डॉ.चा फोन आला तेव्हा मी दुकानात एका बाईंना जांभळ्या साडीवर अस्तर दाखवत होते. लग्न झाल्यापासून या मॅचिंग सेंटरच्या गल्ल्यावर बसते आहे, पण एवढं तंतोतंत आजवर एक ब्लाऊजपीस जुळवून दिलं नाही. बाईंना म्हटलं, "कल आना जी." शटर अर्धं ओढलं आणि रडले. आनंदाने की घाबरून, कोण जाणे.

संध्याकाळी धारला फोन. दादा इंदुरी थाटात, मित्राला हाक मारावी तसं म्हणतो, "काय भिया, म्हणजे आता माझ्या अंगात तुझं रक्त फिरणार? मी पण भांडकुदळ होणार." म्हटलं, व्हायचं काय राहिलंय. मागे वहिनी हसल्याचं ऐकू आलं. गेल्या पावसाळ्यात दादाला रक्ताचा कॅन्सर निघाला, तेव्हापासून त्यांचं हसू ऐकलं नव्हतं.

२३ जानेवारी

आज आम्हा सगळ्यांना इंदूरला हॉ.त बोलावून समजावलं. लिहून ठेवते, नाहीतर सासूबाईंना दर वेळी वेगळंच सांगते.

आधी दादाला इतकं जबर औषध देणार की हाडातला मगज पार रिकामा होईल. आजार तिथेच बसलाय म्हणून. मग माझ्या रक्तातल्या मूळ पेशी काढून त्याला चढवणार. त्या आपल्या आपण वाट काढत हाडात जाऊन बसतात म्हणे. रुजल्या की नवं रक्त करायला लागतात. रुजल्या तर. नाही रुजल्या तर काय, हे मी विचारलं नाही. वहिनींनी विचारलं. डॉ. म्हणाले, "वो तब की तब देखेंगे."

दादाचं रक्त ओ, माझं बी. हळूहळू त्याचंही बी होणार. आमचे हे लगेच, "फिर राखी कौन किसको बांधेगा?" हॉ.त सुद्धा गप्प बसवत नाही या माणसाला. पण दादा मनापासून हसला, म्हणून माफ.

३० जानेवारी

दादा दाखल झाला. आजपासून काचेपलीकडे. सोबत फक्त वहिनी, त्याही टोपी-मास्क-झगा घालून. मला इतक्यात आत सोडणार नाहीत.

जाण्याआधी, तो काम करतो त्या कारखान्यातल्या लोकांना भेटायचं म्हणून हट्टाने पीथमपूरच्या शिफ्टच्या बसमध्ये चढला होता म्हणे, धारच्या नाक्यावर. मास्क लावून दोन स्टॉप गेला आणि उतरला. वहिनी मागून स्कूटरवर. असा वेडा माणूस.

४ फेब्रुवारी

मला रोज पोटात इंजेक्शन. पेशी वाढून रक्तात उतराव्यात म्हणून. कंबर, मांड्या, छातीचं मधलं हाड, सगळं आतून ठणकतंय. खोकले तरी पाठीत कळ जाते. दुकान ह्यांच्यावर सोपवलंय. आज त्यांनी पिस्ता रंगाला मेंदी अस्तर दिलं. बाई परत आली भांडायला.

तिकडे दादाला उलट्याच उलट्या. बर्फ चघळायला लावतात, तोंड जपावं म्हणून. फोनवर म्हणाला, "बेबी, तुझं काय दुखतंय?" मी म्हटलं काही नाही. त्याचा मगज रिकामा होतोय आणि माझा उतू चाललाय, आणि विचारतोय तो मला.

जगात मला बेबी म्हणणारा आता तो एकच. आई गेली, बाबा गेले. त्रेचाळीस वर्षांची बेबी.

६ फेब्रुवारी, इंदूर

दिलं.

दोन्ही हातांना सुया. एका हातातून रक्त यंत्रात जातं, पेशी काढून घेतात, उरलेलं दुसऱ्या हातातून परत. हात वाकवायचे नाहीत. ओठांना मुंग्या आल्या तर सिस्टरने कॅल्शियमची गोळी दिली. नाकाला खाज सुटली आणि हात तर बांधल्यासारखे. वहिनी भेटायला आल्या होत्या, त्यांनी रुमालाने नाक खाजवून दिलं. "अजून डावीकडे, अजून." दोघी हसलो. एरवी आमच्यात एवढी सलगी नाही. वहिनी शिस्तीच्या, मी गबाळी. वीस वर्षं "वन्सं" म्हणतात मला, मी लहान असून.

पिशवी एवढीशी. रंग टोमॅटोच्या साराचा. एवढ्यासाठी दिवसभर! सिस्टर ती घेऊन गेली आणि मी कॉरिडॉरमध्ये. माझं रक्त दादाकडे आत गेलं, मी बाहेर.

निघताना वहिनींनी पर्समधून रुमालात बांधलेले तांदूळ आणि एक ब्लाऊजपीस काढलं आणि तिथेच लिफ्टसमोर माझी ओटी भरली. म्हणाल्या, "माहेरहून रिकामी नाही जायचं." माणसं बघत होती. मी इतकी रडले की लिफ्टवाल्याने दोनदा विचारलं, "नीचे जाना है कि नहीं, मैडम?"

१२ फेब्रुवारी, देवास

दादाचं तोंड आलंय. साधं नाही, ओठांपासून घशापर्यंत सगळं सोलून निघालंय. थुंकीसुद्धा गिळवत नाही, नळीने ओढून काढतात. बोलणं बंद. वहिनी व्हिडिओ लावून फोन त्याच्या तोंडासमोर धरतात, मी बोलते, तो अंगठा वर करतो. आज अंगठाही अर्धाच वर आला.

रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. उचलण्याआधीच शेजारणीला कळायचं, दादाचा फोन म्हणून, इतकं ओरडून बोलतो. कारखान्यात यंत्रांच्या आवाजात सवय लागलीय. मी नेहमी म्हणायचे, हळू बोल रे, कान फुटले. आज रविवार नव्हता, तरी फोन हातात घेऊन बसले होते.

१६ फेब्रुवारी

ताप. थंडी वाजून. कुठून जंतू शिरला सांगता येत नाही, कारण लढायला अंगात कुणी उरलेलंच नाही. पांढऱ्या पेशी शून्य. औषधांवर औषधं. केस गेले. वहिनींनी सांगितलं, उशीवरून ओंजळीने उचलले.

दुपारी ह्यांच्यावर उगाच ओरडले. नंतर वाईट वाटलं. चहा करून दिला.

२० फेब्रुवारी

अजून शून्य.

सासूबाई विचारतात, "लागल्या का गं तुझ्या पेशी?" जसं काही शेतात हरभरा पेरलाय. मी पण वेडीच. अंघोळ करताना त्यांच्याशी बोलते. चला गं बायांनो, नीट आत जा, उजवीडावीकडे बघू नका, तो चांगला माणूस आहे, थोडा ओरडतो एवढंच.

खरं सांगायचं तर हेवा वाटतो मला त्यांचा. त्या त्याच्याजवळ आहेत.

२२ फेब्रुवारी

घरात माता आल्यात. दिराची पिहू, सात वर्षांची, कालपासून तापली होती. आज अंगभर. सासूबाईंनी दाराला कडुलिंब बांधला. फोडणी बंद, तळण बंद, कढई चढवायची नाही. घरात मोठ्याने बोलायचं नाही. कुणाला सांगायचं नाही, आजार तर म्हणायचंच नाही. माता पाहुण्या आल्यात, आनंदाने राहतील आणि आनंदाने जातील. लहानपणापासून आमच्याकडे हेच.

पिहूला माझ्याजवळच झोपायचं असतं. खाजतं म्हणून रडते. लिंबाच्या डहाळीने पाठ कुरवाळत बसले.

२४ फेब्रुवारी

रुजल्या!!

वहिनींचा फोन. काउंट दिसायला लागला. थोडाच आहे, पण काल नव्हता, आज आहे. डॉ. स्वतः येऊन म्हणाले, "आपकी ननद ने घर पकड़ लिया." दादाच्या अंगात आज पहिल्यांदा काहीतरी तयार झालं आणि ते मी केलं. मी म्हणजे त्यांनी. म्हणजे मीच.

गुलाबजाम करायचे होते, पण तळण बंद. सगळ्यांना साखर दिली चमचा चमचा. पिहूलाही. तिला विचारलं, सांग बरं कशाची साखर? म्हणाली, "मातारानीची." म्हटलं, हो, असंच समज.

२८ फेब्रुवारी

दादा बोलला! घोगरा, फुटका, पण त्याचाच आवाज. म्हणाला, "भात खाल्ला. दोन घास. चव कसली म्हणून नाही, वाळू खाल्ल्यासारखं. पण गिळला." मग म्हणाला, "कधी येतेस?"

मी म्हटलं, डॉ. म्हणतील तेव्हा. फोन ठेवला आणि किती वेळ तिथेच. कधी येतेस, हे त्याने आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. आलीस का पुन्हा, असंच म्हणायचा.

३ मार्च

पिहूच्या खपल्या धरल्या. सकाळी कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ, ओट्यावर थंड नैवेद्य, दहीभात. सासूबाईंनी हात जोडून मातांना निरोप दिला. दारावरचा कडुलिंब काढला. घरात फोडणीचा वास आला तेव्हा कुठे बरं वाटलं.

६ मार्च

दादा धारला घरी!! डॉ. हॉ.जवळच राहा म्हणत होते, पण शेजारच्यांची गाडी चोवीस तास दारात उभी राहील अशी हमी वहिनींनी दिली, तेव्हा सोडलं. वहिनींनी घराचं हॉ. केलंय. पडदे काढले, गालिचा काढला, कुंड्या शेजारी दिल्या. पाणी उकळून, भांडी उकळून. दारावर हॉ.चा कागद, कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही.

१० मार्च, धार

आज भेटले.

देवासहून इंदूर, इंदूरहून धार, दोन बस. पूर्ण रस्ताभर मास्क. उतरून आधी शेजारणीच्या न्हाणीघरात हातपाय धुतले, कपडे बदलले, मग दारात. वहिनी उंबऱ्यात उभ्या. मला बघून डोळे भरले, पण बाजूला झाल्या नाहीत. विचारलं, "वन्सं, घरी कुणाला ताप, सर्दी, अंगावर काही? गेल्या तीन आठवड्यांत?"

मी म्हटलं, "नाही, सगळे मजेत."

मग बाजूला झाल्या.

दादा खुर्चीत. एवढासा झालाय. चेहरा काळवंडलाय, नखांवर रेघा, डोक्यावर काही नाही. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसले. बाहेर शिफ्टची बस हॉर्न देत गेली तर मान वळवून ऐकत राहिला, थेट आवाज जाईपर्यंत. मग म्हणाला, "इकडे ये की." वहिनी म्हणाल्या, लांबूनच. तो म्हणाला, "अगं, तिचंच तर आहे सगळं, तिच्यापासून काय जपतेस?" मी हात पुन्हा धुतले, त्याने हात पुढे केला, धरला. गरम होता. मनगटाजवळ नाडी लागत होती. ती कुणाची म्हणायची?

परत येताना बसमध्ये खिडकीशी. गव्हाची शेतं पिवळी पडलीत. सगळ्या रस्ताभर हात मुठीत मिटून ठेवला.

१२ मार्च, इंदूर

काय केलं मी हे.

आज माझीच तपासणी होती, पेशी दिल्यानंतरची. सिस्टरने कागद भरता भरता विचारलं, "घर में किसी को बुखार, खांसी, चिकनपॉक्स?" मी म्हटलं, नहीं. तिने लिहिलं. आणि मग माझं मलाच ऐकू आलं. म्हटलं, "मतलब, माता आई थी. बच्ची को. अब चली गईं."

तिचं पेन थांबलं. "कब?" सांगितलं. "और आप भाई से मिली हैं?" सांगितलं.

चिकनपॉक्स म्हणजे माता हे मला माहीत नाही का? शाळेत शिकलेय. आमच्याच दुकानाशेजारी औषधांचं दुकान आहे. पण वहिनींनी दारात विचारलं तेव्हा खरंच डोक्यात आलं नाही. मातांना कुणी आजारात मोजतं का? नाव घ्यायचं नाही, घेतलं नाही. की आलं होतं, आणि दादाला भेटायचं म्हणून मी ते मागे सारलं? सकाळपासून स्वतःला विचारतेय. लबाडी केली नाही असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

डॉ. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, त्या मुलीचं तुम्हाला लागलं असेल तर दोन-तीन आठवड्यांनी निघतं, म्हणजे बरोबर आत्ता. निघण्याआधी एक-दोन दिवस सुद्धा दुसऱ्याला लागतं. दादासारख्याला ते झेपत नाही. विचारलं, लहानपणी तुम्हाला झालंय का? माहीत नाही. आईला माहीत असतं. दादाला झालं होतं तेव्हा मला खातेगावला मावशीकडे धाडलं होतं, एवढं आठवतं. पण त्याचं ते जुनं कवच मगजाबरोबरच गेलं म्हणे. माझं रक्त घेतलं, चार दिवसांनी रिपोर्ट. दादाचं औषध आजच वाढवलं.

हॉ.च्या बाहेर उभी राहून वहिनींना फोन केला. सगळं सांगितलं. म्हणाल्या, "मी विचारलं होतं, वन्सं." एवढंच. फोन ठेवला.

१३ मार्च, देवास

ह्यांना सांगितलं. म्हणाले, मुद्दाम केलंस का? म्हटलं, माहीत नाही. एरवी चेष्टा करणारा माणूस. दुकान उघडून दिलं आणि माझ्याजवळ येऊन बसला.

सासूबाई म्हणतात, मातांचं कधी वाईट होत नाही, भिऊ नकोस. त्यांच्याशी बोलावंसं वाटत नाही. त्यांचा दोष नाही, तरी.

आरशासमोर कपडे काढून अंग तपासलं. पाठ ह्यांनी बघितली. काही नाही.

१५ मार्च

वहिनींचा फोन. सकाळी.

"ह्यांच्या अंगावर आलंय." आवाज एकदम सपाट. "इंदूरला निघालोय." मागे गाडीचा आवाज. मी काही विचारायच्या आत बंद.

दिवसभर काही केलं नाही. दुकानात एक नवरीची आई आली होती, बारा ब्लाऊजपीस हवी होती. तिच्यासमोर लाल रंगाचा गठ्ठा सोडला आणि मला बघवेना. हे आले, म्हणाले तू घरी जा.

देवा, मला काढ सगळं अंगावर. माझ्या अंगावर काढ.

१६ मार्च

ते नाही.

डॉ.नी मला फोन करून सांगितलं, स्वतःहून. पुरळ तळहातांवर, तळपायांवर, कानांमागे. पाण्याचे फोड नाहीत, आणि माझ्या भेटीला पाचच दिवस झालेले, इतक्यात ते निघत नाही. कातडीचा तुकडा तपासायला दिलाय, पण त्यांना खात्री आहे, ह्या माझ्याच पेशी. नव्या घरात स्थिरावल्या, आणि आता दादाच्याच अंगाला परकं समजून भांडायला उठल्यात. माझा रिपोर्टही आला. मला लहानपणी होऊन गेलंय, नक्की. केव्हा, कुठे, कुणाला आठवत नाही, पण रक्तात आहे. म्हणजे मी दादाला ते देऊच शकत नव्हते.

सुटले असं वाटायला हवं होतं. पण ते माझं नव्हे, हे माझं आहे, एवढाच फरक. माझ्या पेशींना दादा ओळखू येत नाही! एका आईच्या पोटातले आम्ही. अंघोळीत किती समजावलं होतं त्यांना.

डॉ. म्हणाले, "थोड़ा झगड़ा अच्छा है. जो बीमारी छुपी बैठी है, उसको भी ये ही मारेंगे. ज़्यादा हुआ तो हम रोकेंगे." भांडण फार वाढू नये म्हणून औषध सुरू केलंय. पोटात उतरलं तर कठीण.

वहिनींना मेसेज टाकला, डॉ. बोलले. वाचला. उत्तर नाही.

२१ मार्च

पोटात उतरलंय. जुलाब. पुन्हा काचेपलीकडे.

डॉ. म्हणाले मी येऊ शकते, माझ्यापासून धोका नाही. तसं वहिनींना कळवलं. त्यांनी लिहिलं, "आत्ता नको, वन्सं."

डॉ.ची ना असती तर सोसली असती.

२५ मार्च

काहीच कळत नाही तिकडचं. डॉ.ना किती वेळा विचारणार.

माहेर असतं म्हणजे काय, हे मी कधी धड बघितलंच नाही. आई गेल्यावर धारला गेले की दादा नाक्यावर स्कूटर घेऊन उभा. सामान माझ्या हातातून ओढून घ्यायचा आणि वर म्हणायचा, एवढं काय आणतेस, राहायला आलीस का? घरी पोचले की वहिनींनी ताट वाढलेलं. जेवून झालं की भांडण. पुन्हा चहा. एवढंच. एवढ्यासाठी दोन बस बदलून जात होते. आज वाटतं, नुसता नाक्यावर उभा राहू दे, बोलू नको काही.

२९ मार्च

दादाचा फोन! वहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या, तेवढ्यात केला. चोरून. बायकोला चोरून बहिणीला फोन, या वयात.

"बेबी, तुझे हे सैनिक फार त्रास देतात गं."

म्हटलं, "दादा, मी सांगितलं होतं त्यांना."

"ऐकत नाहीत. तुझ्यावर गेलेत." मग दम लागला. मग, "तिच्यावर रागावू नको. ती भ्यालीय. रोज रात्रंदिवस इथे तीच आहे."

म्हटलं, रागावले नाही. खरंच नाही. त्यांच्या जागी मी असते तर मला दारात उभंसुद्धा राहू दिलं नसतं.

हात दुखतो म्हणून फोन ठेवला. तळहाताची साल निघतेय. ज्या हाताने माझा हात धरला तोच.

३ एप्रिल

औषध लागू पडतंय. जुलाब कमी. दादाने अर्धी वाटी पेज घेतली. हे कुणी सांगितलं? वहिनींनी. स्वतः फोन करून. दोन मिनिटं बोलल्या, पेज, औषध, झोप. माझ्याबद्दल काही नाही. मी पण काही काढलं नाही. फोन ठेवताना म्हणाल्या, "पिहू कशी आहे?"

ठीक आहे म्हटलं. डाग राहिलेत थोडे. "जातील," म्हणाल्या.

९ एप्रिल

वहिनींचा मेसेज: "सोमवारी डॉ. रिपोर्ट सांगणार आहेत. तुम्ही याल का?"

याल का! चार वेळा वाचला.

१३ एप्रिल, इंदूर

गेले. वहिनी लिफ्टपाशी उभ्या होत्या. वाळल्यात. त्यांनी माझी पिशवी घेतली माझ्या हातातून.

काचेतून दादा. झोपला होता. डोक्यावर बारीक मऊ लव आलीय. चेहऱ्यावर चट्टे, पण विझत आलेले. वहिनी म्हणाल्या, आजकाल झोपेत ओरडतात, कारखान्यातल्यासारखे. सिस्टर घाबरतात. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला बरं वाटतं ते ऐकून." मला पण वाटलं असतं.

मग डॉ.च्या खोलीत. दादाच्या रक्तात कुणाचं किती, ते बघणारी तपासणी. बहुतेक सगळं माझं. पण सगळं नाही. थोडं अजून त्याचं स्वतःचं शिल्लक आहे, आणि मागच्या वेळेपेक्षा कमी झालेलं नाही. ते त्यांना आवडलेलं नाही. आजार त्यातूनच डोकं वर काढू शकतो. म्हणून माझ्या पेशींना आवरणारं औषध आता हळूहळू कमी करणार, म्हणजे त्या उरलेलं काम पुरं करतील. पुन्हा पुरळ येईल, पुन्हा पोट बिघडेल, कदाचित आधीपेक्षा जास्त. बेत असा की पूर्ण माझं व्हायला हवं. त्याचं काही राहता कामा नये.

वहिनी ऐकत होत्या, हात मांडीवर. मग विचारलं, "डॉक्टर साहब, थोडासा इनका खुद का रह गया, तो नहीं चलेगा?"

डॉ.नी फाइल मिटली. मग म्हणाले, "नहीं चलेगा."

वहिनींनी मान हलवली. मी टेबलाखाली त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही.

देवासला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. हातपाय धुऊन देवापुढे बसले. पुढची तपासणी महिन्याने. इतके दिवस रोज एकच मागत होते, दादा राहू दे. आज मागायचं ते असं की त्याच्या रक्तात जो थोडा तो उरलाय, तोही जाऊ दे, थेंब राहू नये. हात जोडून नुसतीच बसले. सासूबाई येऊन दिवा सारखा करून गेल्या.

मग मागितलं. मोठ्याने नाही मागता आलं.